केसभर उजेड

ब्लेकमोरच्या कारखान्यात देवाच्या खालोखाल मान होता तो अर्ध्या इंचाच्या गेजला. देव फक्त रविवारी लागायचा आणि गेज सोमवार ते शुक्रवार लागायचं, तेव्हा कोण कोणाच्या खालोखाल हे नक्की सांगणं तसं कठीणच. दिसायला ते पोलादाचं एक जाडजूड कडं, आतून आटे पाडलेलं, निळ्या मखमलीच्या डबीत ठेवलेलं. थोरल्या ब्लेकमोरांनी ते १८९८ साली स्वतःच्या लेथवर स्वतःच्या हातांनी कापलं होतं. बोल्ट त्या कड्यात शेवटपर्यंत फिरला की पास, मध्येच अडला की नापास. त्यापुढे कुठे दाद मागायची सोय नव्हती.

डार्लस्टन हे गावच नट-बोल्टचं, आणि असं एखादं लाडकं गेज तिथल्या बहुतेक कारखान्यांत असे. ब्लेकमोरचं वैशिष्ट्य एवढंच की ते हातात घेण्याचा अधिकार कारखान्यात एकाच व्यक्तीला होता आणि ती व्यक्ती बाई होती. थर्झा कॉटरिल, वय पंचेचाळीस, तपासणी खोलीची मुख्य. वीस वर्षं तिने बोल्ट पास आणि नापास केले होते. तिच्याशी कोणी हुज्जत घालत नसे. एकाने एकदा घातली होती.

एप्रिल १९७१ च्या एका मंगळवारी सकाळी बर्मिंगहॅमच्या प्रयोगशाळेतून तिच्या नावाने एक लिफाफा आला. त्याचं असं झालं होतं की स्वीडनहून एक मोठं गिऱ्हाईक येऊ घातलं होतं आणि ते गिऱ्हाईक गेजचं प्रमाणपत्र मागत होतं. गेजला प्रमाणपत्र! गेज सगळ्यांना प्रमाणपत्रं देतं, त्याला कोण देणार? पण स्वीडिश लोक हट्टी असतात. म्हणून मॅनेजर स्टॅलर्ड साहेबांनी गेज मखमलीसकट आठवडाभरासाठी बर्मिंगहॅमला पाठवलं होतं, आणि आता लिफाफ्यासोबत ते परत आलं होतं.

थर्झाने कागद तीनदा वाचला. लिहिलेलं थोडं होतं आणि साधं होतं. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ, म्हणजे ब्रिटिश प्रमाण मापाच्या, बोल्टला एका इंचात बारा आटे असायला हवेत. गेजला बारा होते. पण ते बारा आटे मिळून इंच भरत नव्हता. इंचाला चार हजारांश कमी पडत होते.

चार हजारांश म्हणजे माणसाच्या डोक्यावरचा एक केस. हसण्यावारी न्यावं असंच माप. पण आट्यांचा स्वभाव असा की चूक प्रत्येक वेढ्यागणिक साचत जाते. पहिल्या दोन वेढ्यांना काही कळत नाही. तिसरा कुरकुरतो. पाचव्याला घोडं अडतं आणि मग तिथे भीम आला तरी बोल्ट पुढे सरकत नाही.

कागद खाली ठेवला तेव्हा थर्झाच्या मनात आधी रुबेन आला. त्याच्या मागोमाग मेण आलं. तिने कागद पुन्हा लिफाफ्यात घातला आणि ती स्टॅलर्ड साहेबांकडे गेली.

स्टॅलर्ड साहेब वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त कुठलीही गोष्ट घडलेली आवडत नसे. त्यांनी कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"म्हणजे आपले सगळे अर्ध्या इंची बोल्ट चुकीचे?"

"सगळे."

"आणि नट?"

"तेही. त्यांचे कापण्याचे साचे त्याच जुन्या लेथवर झालेत. त्या लेथचा मुख्य स्क्रूच मुळात आखूड आहे. थोरल्या साहेबांपासून."

"पण आपला नट आपल्या बोल्टला बसतो."

"छान बसतो," थर्झा म्हणाली. "दोघांची चूक एकच आहे."

स्टॅलर्ड साहेबांना बराच धीर आला. कारखान्याच्या माहितीपत्रकावर १९०४ पासून पहिल्याच पानावर छापलेलं असे, 'ब्लेकमोरच्या बोल्टला ब्लेकमोरचाच नट.' दुसऱ्यांचा नट बसत नाही अशी तक्रार आली की तिला हेच उत्तर जाई. गिऱ्हाइकांना तो घराण्याचा तोरा वाटे आणि ती मुकाट्याने नटही इथलेच घेत. त्र्याहत्तर वर्षं धंदा असा उत्तम चालला होता.

"हे बघा मिस कॉटरिल," साहेब म्हणाले, "दोन वर्षांत सगळं मिलिमीटरमध्ये जाणार. इंचच राहणार नाही. मग जाणाऱ्या इंचाची चूक आपण आत्ता कशाला उकरायची? नवीन गेज मी लंडनला सांगतो, गुरुवारी येईल. साचे हळूहळू बदलू. नवं कडं त्याच डबीत ठेवा. जुन्याचे शुक्रवारी चार तुकडे करून भट्टीत. हा कागद माझ्या कपाटात. कोणाला काही कळायचं कारण नाही."

"बरं," थर्झा म्हणाली.

बरं म्हणून ती बाहेर आली आणि अंगणापलीकडच्या पॅकिंगच्या खोलीकडे बघत उभी राहिली. तिथे खिडकीशी बसून रुबेन गार्बेट बोल्टना ग्रीस लावून कागदात गुंडाळत होता. एकोणीस वर्षं तो तेच करत होता. रोज सकाळी दोघांची अंगणात गाठ पडे. "सुप्रभात, थर्झा." "सुप्रभात, रुबेन." याच्यापुढे एकोणीस वर्षांत एक अक्षर नाही.

हुज्जत घालणारा तो एकजण म्हणजे हाच.

१९५२ साली रुबेन कारखान्यातला सगळ्यात चांगला आटे कापणारा होता. वय तीस, बोलणं कमी, हात स्थिर. नुकताच एक नवा लेथ आला होता आणि तो त्याच्याच ताब्यात दिलेला. थर्झाला तेव्हा तपासणी खोलीत येऊन पाच महिने झाले होते. युद्ध संपल्यावर बायकांना घरी पाठवलं होतं, त्यानंतर तिथे बसलेली ती पहिलीच. सगळे पुरुष ती कधी चुकते याची वाट बघत होते, आणि तसं तोंडावर सांगतही होते. तिला मोजमाप शिकवलं ते रुबेनने. दातेरी पातं आट्यांवर ठेवून उजेडाकडे कसं धरायचं, दात चपखल बसले की मागून उजेड येत नाही, हे त्याने तिला दाखवलं. रविवारी साडेतीनला तो तिच्या दाराशी येई आणि दोघं कालव्याच्या काठाने फिरायला जात. लग्नाचं कोणी बोललं नव्हतं, पण रुबेनच्या बहिणीने, नेलने, पडद्यांचं कापड बघून ठेवलं होतं.

त्या वर्षी एका चॅपलच्या छपरासाठी बारा लांब बोल्ट हवे होते. रुबेनने ते नव्या लेथवर कापले. थर्झाने गेज लावलं. पाचव्या वेढ्याला अडलं. दुसरा घेतला, पाचव्याला अडला. बाराही बोल्टची तीच गत. तिने बाराही नापास केले.

रुबेन आला, त्याने कडं आणि बोल्ट दोन्ही बघितलं आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाला, "गेज चुकलंय."

हे ब्लेकमोरच्या कारखान्यात म्हणणं म्हणजे चॅपलमध्ये उठून बायबलात छपाईची चूक आहे म्हणण्यासारखं होतं. मधले ब्लेकमोर, म्हणजे थोरल्यांचे चिरंजीव, धावत आले. बोल्ट चुकला असं म्हण, नाहीतर पॅकिंगला जा, असं त्यांनी सांगितलं. रुबेनने थर्झाकडे बघितलं. थर्झा म्हणाली, "गेजमध्ये जात नाहीयेत." ते खरंच होतं. रुबेनने अॅप्रन काढला आणि तो पॅकिंगला गेला. रविवारी साडेतीनला तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. नेलने त्या कापडाचे उशीचे अभ्रे शिवले.

इथवर सगळ्या कारखान्याला माहीत होतं. पुढचं एकट्या थर्झाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत खोलीत कोणी नसताना तिने मेणबत्ती वितळवली, कड्यात मेण ओतलं, थंड झाल्यावर ते फिरवून बाहेर काढलं. मेणावर गेजच्या आट्यांचा स्वच्छ ठसा आला होता. त्यावर तिने इंचाला बारावालं दातेरी पातं ठेवलं आणि खिडकीकडे धरलं. मधले दात चपखल बसले होते. दोन्ही टोकांना केसभर उजेड दिसत होता.

मेण आकसलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मेण आकसतंच. प्लास्टर आकसत नाही, आणि प्लास्टर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होतं. ते तिने आणलं नाही. मेणाचा गोळा तिने स्टोव्हमध्ये टाकला. पाच महिन्यांच्या बाईने चोपन्न वर्षांच्या गेजला चूक म्हटलं असतं तर तीही पॅकिंगला गेली असती आणि तिच्यानंतर आणखी वीस वर्षं तिथे बाई बसली नसती. हे सगळं खरं होतं. पण डोळ्यांवर कातडं ओढलं होतं हेही खरं होतं, आणि मेणाच्या आधारावर एकोणीस वर्षं तिला बरी झोप लागली होती. मंगळवारच्या कागदाने तो आधार काढून घेतला.

आता शुक्रवारी गेजचे चार तुकडे व्हायचे होते. ते झाले की रुबेन गार्बेट हा स्वतःची चूक गेजवर ढकलणारा माणूस म्हणूनच रिटायर होणार आणि म्हणूनच पुरला जाणार. बुधवारी सकाळी तो म्हणाला, "सुप्रभात, थर्झा." तिला उत्तर देता आलं नाही. तो क्षणभर थांबला आणि गेला. एकोणीस वर्षांत त्यांच्यातलं ते सगळ्यात लांब संभाषण होतं.

गुरुवारी नवं कडं आलं, सोबत लंडनचं प्रमाणपत्र. साडेबाराचा भोंगा झाला तेव्हा थर्झाने दोन्ही कडी अॅप्रनच्या दोन खिशांत घातली, एक रिकामं खोकं उचललं आणि ती सायकल शेडकडे निघाली.

सायकल शेडचं सांगायला हवं. नापास झालेले बारा बोल्ट फेकून देणं ब्लेकमोरांच्या रक्तात नव्हतं. म्हणून त्या साली सायकल शेड बांधली तेव्हा छप्पर तोलायला तेच वापरले. पण कारखान्याचा एकही नट त्यांना बसेना. रोज चाळीस हजार नट काढणाऱ्या कारखान्याने शेजारच्या वेन्सबरी गावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून बारा नट विकत आणले. ते बसले. त्यात कोणाला काहीही वाटलं नाही. एकोणीस वर्षं सगळा कारखाना रुबेनच्या साक्षीपुराव्याखाली सायकली लावत होता. नटाखाली प्रत्येक बोल्टचे दोन-अडीच इंच आटे लोंबत असत, आणि दर ईस्टरला कोणीतरी त्यांना ग्रीस लावून जाई. कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. विचारत कोणी नसे.

शेडच्या भिंतीला टेकून टूलरूमचा होरेस राउंड आणि आणखी सात-आठ जण चिप्स खात बसले होते. थर्झाने खोकं ठेवलं आणि ती त्यावर चढली.

"काय गं थर्झा," होरेस म्हणाला, "छप्पर नापास करतेस की काय?"

"गप बस आणि बघ." तिने मळकट फडक्याने एका बोल्टचं जुनं ग्रीस पुसलं, डाव्या खिशातलं कडं काढलं आणि लावलं. एक, दोन, तीन वेढे. चौथ्याला तिला जोर लावावा लागला. पाचव्याला कडं अडलं. तिने ते तसंच लोंबू दिलं नाही, उलटं फिरवून काढलं आणि होरेसच्या हातात दिलं. "हे कुठलं?"

होरेसने बोटं पँटला पुसून मग ते घेतलं. "म्हणजे काय? आपलंच की. मखमलीतलं. हे तू बाहेर उघड्यावर आणलंस?"

तिने उजव्या खिशातलं कडं लावलं. त्याला एक बोट पुरलं. पाच, सहा, दहा. कडं गुळगुळीत वर चढत गेलं आणि चोविसाव्या वेढ्याला नटाला जाऊन टेकलं.

"आणि हे लंडनचं," ती म्हणाली. "आजच आलंय. मंगळवारी बर्मिंगहॅमचा कागद आला. आपलं गेज इंचाला चार हजारांश आखूड आहे. पहिल्यापासून."

होरेसच्या कागदातून एक चिप खाली पडली आणि त्याने ती उचलली नाही. तेवढ्यात पॅकिंगच्या दारातून रुबेन चहाचा मग घेऊन आला. बोल्टशी कोणी खेळतंय हे त्याने खिडकीतून बघितलं असणार. तो खोक्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने वर बघितलं, आधी कड्याकडे, मग तिच्याकडे.

"रुबेन, गेज चुकलेलं होतं."

"हं."

"तू बरोबर होतास."

"ते मला ठाऊक आहे." त्याने चहाचा एक घोट घेतला. "तुला कधी कळलं?"

मंगळवारी, असं म्हणता आलं असतं. कागद मंगळवारीच आला होता आणि तसं सांगितलं असतं तर आठ माणसांनी साक्ष दिली असती. थर्झाने डोक्यावरचा बोल्ट धरला.

"बावन्न साली," ती म्हणाली. "तू पॅकिंगला गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी मेणाचा ठसा घेतला होता. बाराचं पातं लावून बघितलं."

"उजेड?"

"केसभर."

"कुठे?"

"दोन्ही टोकांना."

रुबेनने मान हलवली. कोणी रस्ता बरोबर सांगितला की हलवावी तशी. "मेण कसलं होतं?"

"मेणबत्तीचं. पांढरी, साधी."

"हं." त्याने मगातला चहा गोल फिरवला. "मला वाटायचं तू बघितलंच नाहीस. न बघता नापास केलंस म्हणून मी रागावलो होतो. इतकी वर्षं त्याच हिशेबाने रागावलो. आता हे नवीनच निघालं."

होरेसला राहवलं नाही. "मग आता राग जास्त झाला म्हणायचा का कमी?"

"अजून मोजला नाही," रुबेन म्हणाला.

त्याने चहाचा मग होरेसच्या हातात दिला, आत जाऊन पाना आणला आणि थर्झाला हाताने खूण केली. ती खाली उतरली. तो खोक्यावर चढला, त्याने लंडनचं कडं अलगद फिरवून काढून तिला दिलं, मग पान्याने वेन्सबरीचा नट सोडवला, पुसला आणि कोटाच्या खिशात टाकला.

"अरे, छप्पर पडेल!" होरेस ओरडला.

"अकरा आहेत," रुबेन म्हणाला आणि चहाचा मग परत घेऊन पॅकिंगला गेला.

शुक्रवारी स्टॅलर्ड साहेबांनी थर्झाला बोलावलं. ते मुळीच ओरडले नाहीत, उलट फारच हळू बोलत होते, जणू टेबलावर कोणी झोपलंय.

"कोणाला कळायचं कारण नाही असं मी म्हणालो होतो."

"हो."

"आणि तुम्ही जेवणाच्या सुट्टीत, सायकल शेडमध्ये."

"हो."

"वर तुम्हाला एकोणीस वर्षं माहीत होतं असंही सांगितलंत. ते तरी सांगायची काय गरज होती? त्यासाठी माझ्याकडे फॉर्मसुद्धा नाही. तुम्हाला काढायचं तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की ते स्वीडनला कळेल." त्यांनी चष्मा पुसला. "गार्बेटला मी विचारलंय. तपासणी खोली घेतोस का म्हणून. ज्याने ते गेज चुकलंय म्हटलं असा या कारखान्यात तो एकटाच. सोमवारी सांगतो म्हणालाय. तो हो म्हणाला तर तुम्हाला पॅकिंगला जावं लागेल. चालेल?"

"चालेल," थर्झा म्हणाली, आणि तिला खरोखरच चालणार होतं. जुन्या गेजचे तुकडे मात्र झाले नाहीत. होरेसने ते करवतीला लावायला साफ नकार दिला. त्र्याहत्तर वर्षांच्या वस्तूला असं करतात का, म्हणाला. स्टॅलर्ड साहेबांनी ते कागदाबरोबर कपाटात ठेवून दिलं.

शनिवार गेला. रविवारी चॅपलमधून येऊन थर्झाने एकटीपुरता मटणाचा तुकडा भाजला आणि अर्धाच खाल्ला. मन कुठेच लागत नव्हतं. रुबेनचा राग मोजून झाला असेल का, आणि किती भरला असेल, एवढंच डोक्यात घोळत होतं. एकोणीस वर्षं तो रोज तिला सुप्रभात म्हणाला होता. उद्या म्हणाला नाही तर? पॅकिंगला जाण्याची तिला भीती नव्हती. भीती होती ती अंगणातल्या त्या दोन शब्दांची.

साडेतीनला दार वाजलं.

पायरीवर रुबेन उभा होता. रविवारचा कोट, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्याच्या उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा फोड होता.

"नेलच्या ख्रिसमसच्या सगळ्या मेणबत्त्या संपल्या," तो म्हणाला. "ती माझ्याशी बोलत नाहीये."

त्याने डब्याचं झाकण उघडलं. आत कापसावर मेणाचे बारा छोटे खांब ओळीने ठेवलेले होते, प्रत्येकावर आट्यांचे स्वच्छ ठसे. शेजारी वेन्सबरीचा नट.

"हा नट बरोबर आहे," रुबेन म्हणाला. "आट्यांचं पिच इंचाला अगदी बारा. काल दिवसभर याच्यात मेण ओतत होतो. पांढऱ्या मेणबत्तीचं. बारा वेळा. बाराही मोजले. मेण आकसतं गं. इंचाला चार हजारांश. एखादा साडेतीन, एखादा साडेचार, पण चारच धर."

थर्झाने एक खांब उचलून खिडकीकडे धरला. पातं तिच्याकडे नव्हतं, पण हात सवयीने वर गेला.

"म्हणजे बरोबर असलेल्या गेजमधूनही तुला उजेड दिसलाच असता," तो म्हणाला. "तू बघितलास तो आठ हजारांशांचा. त्यातले चार मेणाचे होते."

"आणि उरलेले चार गेजचे."

"हो. चार आणि आठ यातला फरक तुला तेव्हाही कळायला हवा होता. मीच शिकवलं होतं." त्याने झाकण लावलं. "तेव्हा दोष अर्धा मेणाचा. अर्धा तुझा. पूर्ण तुझा म्हणून मी गुरुवारी घरी गेलो होतो, ते चूक होतं. तेवढं सांगायला आलो."

थर्झाला रडू आलं. एकोणीस वर्षांत कोणी तिला इतक्या काळजीने मोजलं नव्हतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहून रडली, आणि रुबेन तोवर समोरच्या घराच्या धुराड्याकडे बघत राहिला, जणू तेही मोजायचं होतं.

"अर्धा माझा," ती शेवटी म्हणाली. "कबूल."

"हं."

"आणि उद्याचं काय? तपासणी खोली?"

"ती खुर्ची मला नको. लेथ द्या म्हणून सांगणार आहे." त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला. "माझे बोल्ट कोणीतरी नीट बघून पास करायला हवेत. नापास झाले तर कारण विचारीन."

"सांगीन," थर्झा म्हणाली. तिने डोळे पुसले आणि खुंटीवरचा कोट घेतला.

रुबेनने तिच्या पायांकडे बघितलं.

"ते नको, दुसरे बूट घाल," तो म्हणाला. "कालव्याकडे चिखल आहे."